जुनी जिप्सी घेतलीत? आधी तिच्या खाली शिरा

मारुतीची जिप्सी आपल्याकडे 1985 मध्ये आली, 1996 मध्ये 1.3 लिटर इंजिनाची जिप्सी किंग आली आणि 2019 मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी ती बंद झाली. त्यामुळे आज तुमच्या दारात येणारी प्रत्येक जिप्सी आधी कोणीतरी चालवलेली आहे. एखादी लष्कराच्या लिलावातून आलेली असते, एखादी ताडोब्यात सफारीला धावलेली, एखादी घाटमाथ्यावरच्या शेतावर राबलेली. कागदपत्रं नीट असतात, रंग नवा असतो, आणि मागच्या मालकाने खालची कामं केली होती की नाही हे कुठेच लिहिलेलं नसतं.

साध्या कारच्या सवयीने जिप्सी सांभाळायला गेलात तर ती आतून खराब होत जाते. कारची सर्व्हिस म्हणजे इंजिन ऑइल, फिल्टर आणि धुलाई, एवढंच आपल्या डोक्यात बसलेलं असतं. जिप्सीत तेल पाच ठिकाणी असतं: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी), पुढचं डिफरन्शिअल आणि मागचं डिफरन्शिअल (ॲक्सलच्या मधला दातांचा गोळा, जो ताकद डाव्या-उजव्या चाकांना देतो). नव्या मालकांपैकी बरेच जण त्यातलं फक्त पहिलं बदलतात. उरलेली चार ठिकाणं गाडीच्या पोटाखाली आहेत आणि चिखल, पाणी, धूळ यांचा मारा नेमका तिथेच होतो.

खाली लिहिलेलं बहुतेक सगळं घरी, अंगणात करता येतं. महिंद्राची थार, बोलेरो फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी) किंवा जुनी एमएम 540 असेल तरी मूळ पद्धत हीच. फक्त मापं आणि तेलाचे ग्रेड आपापल्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्या.

आधी सुरक्षितता आणि हत्यारं

गाडी जॅकवर उचलून तिच्याखाली शिरू नका. जॅक गाडी उचलण्यापुरता असतो, ती तोलून धरायला खाली लोखंडी घोडी लागते. दोन चांगल्या घोड्या विकत घ्या आणि त्या चेसीखाली किंवा ॲक्सलच्या नळीखाली पक्क्या, सपाट जमिनीवर लावा. विटा आणि दगड अजिबात नकोत, वीट भाराखाली एका क्षणात फुटते. जे चाक जमिनीवर राहणार आहे त्याला पुढून-मागून ठोकळे लावा. सुदैवाने जिप्सी जमिनीपासून इतकी उंच आहे की तेल तपासणं, ग्रीस भरणं अशी बरीचशी कामं चाकं जमिनीवर ठेवूनच होतात.

हत्यारांत पान्यांचा आणि सॉकेटचा संच, ग्रीस गन, टॉर्क पाना (नट ठरावीक जोरानेच कसणारा), तेल भरायला हातपंप किंवा फनेलला जोडलेली लांब नळी, तारेचा ब्रश, बॅटरी आणि जुनी पांढरी सुती फडकी घ्या. फडकी पांढरीच हवीत, कारण तेलाचा रंग त्यावरच कळतो. शिवाय एक वही ठेवा आणि प्रत्येक कामाची तारीख व किलोमीटर तिच्यात लिहा.

पहिल्या आठवड्यात: शून्यापासून सुरुवात

आधीच्या मालकाने काय केलं, काय नाही, या चौकशीत वेळ घालवू नका. पाचही तेलं, ब्रेक ऑइल, कूलंट, सगळे फिल्टर आणि टायमिंग बेल्ट एकदाच बदलून टाका. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती हातात नसेल तर तो बदललेला नाही असंच समजा. तो तुटला की गाडी आहे तिथे थांबते, आणि जिप्सी सहसा अशाच जागी असते जिथे टोइंगची गाडी पोचत नाही. बेल्टचं काम मात्र जाणकार मेकॅनिककडून करून घ्या. टायमिंगच्या खुणा चुकल्या तर नवा बेल्ट घालूनही गाडी नीट चालणार नाही. त्याच वेळी टेन्शनर आणि वॉटर पंपही तपासायला सांगा, कारण ते उघडण्याची मजुरी तुम्ही तशीही देणारच आहात.

सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठेसारखे बाजार आहेत आणि जिप्सीचा माल अजून मिळतो. सील (तेल अडवणाऱ्या रबरी रिंगा), बेअरिंग आणि ब्रेकचे भाग यांत स्वस्त नकली माल घेऊ नका. फाटक्या सीटची गाडी चालवता येते, गळक्या सीलची नाही.

पाच ठिकाणचं तेल

इंजिन ऑइलबद्दल थोडक्यात. धुळीत आणि हळू गिअरमध्ये चालणाऱ्या गाडीला दर 5000 किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा, नवं तेल आणि नवा फिल्टर घाला. जंगलात लो गिअरमध्ये तासभर चाललेल्या गाडीचा किलोमीटरचा आकडा फार थोडा पुढे जातो, इंजिन मात्र तासभर राबलेलं असतं. म्हणून निव्वळ आकड्यावर विसंबू नका.

आता बाकीची चार. इथे एक नियम मोडायचा नाही: आधी तेल भरायचा प्लग उघडायचा, मग तेल सोडायचा. प्रत्येक हाउसिंगला दोन प्लग असतात. तळाचा प्लग तेल सोडायला, बाजूचा थोडा वरचा प्लग भरायला. जुन्या गाड्यांत वरचा प्लग गंजून अडकलेला असतो. तुम्ही आधी खालचा उघडून सगळं तेल सोडलंत आणि मग वरचा निघालाच नाही, तर गाडी तेलाशिवाय जागेवर अडकली. म्हणून आदल्या रात्री प्लगभोवतीचा चिखल तारेच्या ब्रशने खरवडा, गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि सकाळी पूर्ण बसणाऱ्या पान्याने उघडा. अर्धवट बसणारा पाना कोपरे गोल करून टाकतो.

काम करायच्या आधी गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा. तेल कोमट झालं की पातळ होतं आणि तळाची घाण घेऊन बाहेर येतं.

निघालेल्या तेलाकडे नीट बघा, ते गाडीचा इतिहास सांगतं. स्वच्छ थाळीत थोडं घ्या, बोटांत चोळा, पांढऱ्या फडक्यावर पुसा. गडद तपकिरी पण सारखं, गुळगुळीत तेल म्हणजे निव्वळ वापरलेलं तेल. दूध घातलेल्या चहासारखा रंग दिसला तर आत पाणी गेलेलं आहे. बोटांत कचकच लागली तर धूळ किंवा धातू आहे. प्लगच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर राखाडी, लोण्याइतका मऊ लेप साचलेला दिसेल. तो नेहमीच्या झिजेचा असतो, पुसून टाका. पण नखाने उचलता येतील अशा चकत्या किंवा दाताचे तुकडे निघाले तर नवं तेल भरून गाडी रस्त्यावर काढू नका, हाउसिंग उघडून बघावं लागेल.

पाणी आत जातं कसं, हे समजून घेतलं पाहिजे. चालून तापलेल्या डिफरन्शिअलमधली हवाही तापलेली असते. अशी गाडी थेट ओढ्यात घातली की हाउसिंग एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. त्यासाठी हाउसिंगवर हवेचं छोटं तोंड असतं, त्याला ब्रीदर म्हणतात. ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर ते सीलच्या कडेतून आत येतं. उलट बाजूने, बुजलेल्या ब्रीदरमुळे तापलेल्या हवेचा दाब तेल सीलबाहेर ढकलतो, आणि मग लोक सील बदलत बसतात. म्हणून दर वेळी दोन्ही ॲक्सलचे ब्रीदर काढून साफ करा. पावसात ओढे ओलांडायचे असतील तर त्यांना तेल सहन करणारी रबरी नळी जोडून तिचं तोंड बॉनेटखाली उंच बांधा. या गाडीवर करता येण्यासारखा इतका स्वस्त आणि इतका उपयोगी बदल दुसरा नाही.

भरताना ग्रेड पाळा. डिफरन्शिअलमधल्या हायपॉइड (तिरक्या, एकमेकांवर घासत फिरणाऱ्या) दातांना जीएल-5 दर्जाचं गिअर ऑइल लागतं. गिअरबॉक्सला पुस्तिकेने जीएल-4 सांगितलं असेल तर तेच घाला, कारण काही जीएल-5 तेलांतली रसायनं सिंक्रोनायझरच्या (गिअर सहज पडावा म्हणून वेग जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगांना मानवत नाहीत. एकच डबा आणून चारही ठिकाणी ओतायचा प्रकार गॅरेजमध्ये सर्रास चालतो, तो होऊ देऊ नका. तेल वरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आलं, करंगळी आत घालून टोक भिजलं, की बास. गाडी सपाट जागी उभी हवी, नाहीतर हे माप चुकतं. ट्रान्सफर केसमध्ये मुळात तेल लिटरभरही मावत नाही, त्यामुळे तिथली छोटी गळतीही लवकर महागात पडते. तिच्याकडे विशेष लक्ष ठेवा.

ही चार तेलं वर्षातून एकदा किंवा 20,000 किलोमीटरला बदला. पाण्यातून गाडी गेली असेल तर मात्र वर्षाची वाट न पाहता त्याच आठवड्यात वरचा प्लग उघडून तेलाचा रंग बघा.

ग्रीस

जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटी आहे. त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट (ताकद पुढे नेणारे फिरते दांडे) तीन असतात: एक आखूड, गिअरबॉक्सपासून ट्रान्सफरपर्यंत, एक पुढे आणि एक मागे. प्रत्येकाला क्रॉस (टोकाचे, अधिक चिन्हासारखे वळते सांधे) आहेत. शाफ्ट हाताने फिरवत एकेक निपल (ग्रीस भरायचं छोटं तोंड) शोधा आणि कुठे किती सापडले ते वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी एखादा राहणार नाही.

ग्रीस गन लावण्याआधी निपल फडक्याने स्वच्छ पुसा. न पुसता गन लावलीत तर निपलवरची माती तुम्ही स्वतः बेअरिंगमध्ये ढकलता. क्रॉसमध्ये जुनं, काळं ग्रीस चारही टोपणांतून बाहेर येईपर्यंत भरा. एका टोपणातून येत नसेल तर शाफ्ट थोडा फिरवून, हलवून पुन्हा भरा. तरीही येत नसेल तर तो क्रॉस बदलायला झाला आहे. शाफ्टच्या सरकत्या जोडात मात्र बेताने भरा, सील फुगायला लागलं की थांबा. लिथियमचं, एनएलजीआय 2 दर्जाचं ग्रीस चालतं.

गाडी पुढे-मागे घेताना खालून ‘टक्’ असा आवाज येतो का, याकडे कान ठेवा. क्रॉस झिजल्याची ती बहुधा पहिली खूण असते. शाफ्ट हातात धरून पिळून बघा. क्रॉसपाशी जराही खेळ जाणवला तर बदलून टाका.

प्रेशर पंपाने गाडी धुणाऱ्यांना सांगून ठेवा की क्रॉस, सील आणि बेअरिंगवर जवळून धार मारायची नाही. आणि धुऊन झालं की ग्रीस भरायचं, धुण्याआधी नाही.

पुढचा ॲक्सल

पुढच्या चाकामागे लोखंडी गोळा दिसतो, त्याच्यावर चाक वळतं. गोळ्याच्या आत जॉइंट आणि ग्रीस असतं, बाहेरून रबराचं आणि नमद्याचं सील गोळा पुसत राहतं. गोळा हलकासा तेलकट असणं ठीक आहे. त्याच्या बुडातून पातळ तेल ठिबकत असेल तर आतलं ॲक्सल सील गेलं आहे, डिफरन्शिअलचं तेल गोळ्यात उतरून ग्रीस पातळ करतंय. हे काम लांबवू नका, कारण पुढे ते तेल ब्रेकपर्यंत पोचतं. गोळ्यावर वाळलेला चिखल ठेवू नका. स्टिअरिंग फिरलं की तोच चिखल सील कापतो.

मग चाक उचला, घोडी लावा, चाकाला वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग सैल आहे. राहिला तर किंगपिनचं (चाक ज्याच्यावर वळतं त्या खिळीचं) बेअरिंग. डावीकडे-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉडची (दोन्ही पुढची चाकं स्टिअरिंगला जोडणाऱ्या दांड्याची) टोकं बघा. ही तपासणी शिकलात की ‘स्टिअरिंग हलतंय, सगळं बदलावं लागेल’ असं कोणी म्हणालं तरी काय बदलायचं ते तुम्हीच ठरवू शकाल.

आणखी एक गोष्ट. चिखलातून आल्यावर साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागलं, तर आधी रिमच्या आतल्या बाजूला हात घाला. काळ्या मातीचा लपका तिथे वाळून बसलेला असतो आणि तेवढ्याने चाकाचा तोल जातो. मराठवाडा-विदर्भाच्या रेगड जमिनीत हे नेहमीचं. लाकडाच्या पट्टीने माती खरवडून काढा आणि मग गाडी पुन्हा चालवून बघा.

पाटे

जिप्सीला चारही चाकांना पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत. प्रत्येक पाट्याची कड फडक्याने पुसून तडा शोधा. मधला बोल्ट तुटला की ॲक्सल जागचा सरकतो आणि गाडी तिरकी धावते. मागून कोणालातरी बघायला लावलं की ते दिसतं. पाटा ॲक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टचे नट वर्षातून दोनदा टॉर्क पान्याने कसा. नवे पाटे बसवले असतील तर पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा कसा, कारण ते बसताना सैल होतात. शॅकलचे (पाट्याचं टोक चेसीला जोडणाऱ्या कडीचे) रबरी बुश फाटले असतील तर बदला, हे काम स्वस्त आहे आणि गाडीची चाल लगेच सुधारते.

आपल्याकडे पावसाच्या आधी गाडीच्या पोटाला जळकं ऑइल मारायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. ते तेल रबरी बुश, बूट आणि ब्रेकचे पाइप मऊ करून खराब करतं, त्यावर धूळ चिकटून थर बनतो आणि त्या थराखाली ओल धरते. पावसात धुपून ते शेतात आणि ओढ्यात जातं ते वेगळंच. त्याऐवजी चेसी धुऊन, वाळवून, गंज घासून त्यावर प्राइमर आणि चेसी ब्लॅक लावा. कोकणात, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी खाऱ्या हवेमुळे गोड्या पाण्याने खालून धुणं नियमित ठेवावं. चेसीच्या पोकळ भागांची पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करा, तिथे लाल जांभ्याची माती घट्ट बसते.

धूळ आणि ऊन

उन्हाळ्यात चंद्रपूरकडच्या कच्च्या रस्त्यावर दुसऱ्या गाडीच्या मागे अर्धा तास चाललात तरी हवेचा फिल्टर भरतो. सफारीच्या किंवा शेतीच्या वापरात तो दर आठवड्याला उघडून बघा. कागदी फिल्टर पाण्याने धुवायचा नाही, आपटायचाही नाही. हवा मारायची तर कमी दाबाने आणि आतून बाहेर. दोन-तीनदा साफ केला की नवा घाला. मग फिल्टरच्या पुढे, इंजिनकडे जाणाऱ्या नळीत पांढरं फडकं फिरवा. त्यावर मातीचा रंग आला तर धूळ फिल्टरला वळसा घालून आत जातेय. झाकणाच्या क्लिपा, रबरी कड आणि नळीचे क्लॅम्प तपासा. इथे एवढा आग्रह धरतो, कारण आत गेलेली धूळ सिलिंडर आणि रिंगा घासते आणि ते नुकसान तेल बदलून भरून येत नाही.

रेडिएटरच्या जाळीत कुसळं, गवताचं बी आणि चिखल अडकतो. पाण्याची हलकी धार इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा. समोरून मारलीत तर कचरा आणखी आत बसतो. कूलंट पुस्तिकेप्रमाणे घाला, नुसतं विहिरीचं पाणी घालत राहिलं की क्षार आणि गंज साचतो. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

ब्रेक, टायर, फोर बाय फोर

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दोन वर्षांनी बदला. चिखल-पाण्यातून गेल्यावर मागचे ड्रम उघडून आतली माती साफ करा. पाण्यातून बाहेर पडताच हळू वेगात पाच-सहा वेळा ब्रेक दाबून ते वाळवा आणि मगच रस्त्याला लागा.

चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे ठेवा. स्टेपनीही फिरवाफिरवीत घ्या. मऊ चिखलात किंवा वाळूत हवा 18 पीएसआयच्या आसपास कमी केली की पकड वाढते, पण डांबरी रस्त्यावर यायच्या आधी ती पुन्हा भरायची. त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवा. जॅकखाली ठेवायला जाड फळीही हवी, नाहीतर मऊ मातीत जॅकच खाली जातो.

जिप्सीच्या फोर बाय फोरमध्ये मधलं डिफरन्शिअल नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर 4एच (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) लावून वळणं घेतलीत तर पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक कुठेच जिरत नाही, सगळा ताण शाफ्ट आणि ट्रान्सफर केसवर येतो. मऊ जमिनीवरच वापरा, पण महिन्यातून एकदा तरी मातीच्या रस्त्यावर किलोमीटरभर 4एच आणि थोडं 4एल (तेच, पण हळू आणि जास्त जोराचं) चालवा. महिनोन् महिने न हललेला लिव्हर ऐन चिखलात अडकतो. पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब (चाक ॲक्सलला जोडणारे-सोडणारे) असतील तर तेही त्याच वेळी लॉक करून, सोडून बघा.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर

चावी फिरवू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून किंवा ओढून बाहेर काढा, हवेचा फिल्टर बघा. तो भिजला असेल तर स्पार्क प्लग काढून इंजिन रिकामं फिरवा, म्हणजे पाणी बाहेर पडेल. त्यानंतर इंजिन ऑइलचा रंग तपासल्याशिवाय गाडी चालू करू नका.

वर्षाचं गणित

दोन मोठी कामं ठरवून टाका. एक मृग लागायच्या आधी: ब्रीदर, सील, क्रॉस, वायपर, ब्रेक, वायरिंगचे जोड आणि टायर. दुसरं पाऊस सरल्यावर: चारही गिअर ऑइलं, ड्रमची सफाई, ग्रीस, चेसीचा गंज. खंडेनवमीला आपण हत्यारं आणि गाड्या पुजतो, त्याच्या आदल्या आठवड्यात हे दुसरं काम धरलं की तारीख चुकत नाही. ताडोब्याचा गाभा क्षेत्रातला पर्यटनाचा हंगामही 1 ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होतो, त्यामुळे सफारीच्या गाड्यांनी हे काम सप्टेंबरातच उरकावं. मधल्या काळात महिन्यातून एक सकाळ खाली बघायला द्या: कुठे नवं ओलं दिसतंय का, कुठला नट चमकतोय का. नटाभोवती ताजी घासल्याची चमक किंवा लाल भुकटी दिसली तर तो सैल आहे.

शेतातल्या शेडमध्ये गाडी उभी असेल तर उंदरांसाठी बॉनेट आठवड्याला उघडून बघा, वायरिंग कुरतडलेलं असतं. आणि काढलेलं जुनं तेल झाकणाच्या डब्यात साठवून गॅरेजवाल्याला द्या. त्याच्याकडून ते पुढे पुनर्वापरासाठी गोळा करणाऱ्यांकडे जातं की नाही, हेही एकदा विचारून घ्या.